कंट्रोलर हिंदुरावांच्या गाड्या

मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर धान्य निवडणाऱ्या बायकांना घड्याळाची गरज नव्हती. वारा स्वारगेटकडून असला की एस.टी. स्टँडावरचा कर्णा थेट गुलटेकडीपर्यंत ऐकू यायचा. बारामती झाली की चहाची वेळ. सातारा दुसऱ्यांदा झाली की भाकरी सोडायची. फलटण होऊन गेली की मुकादमानं कितीही गळ घातली तरी बायका पदर झाडून उठायच्या. मुकादम वैतागून म्हणायचा, "हितला मुकादम मी हाय का त्यो कर्णा?" त्यावर मथुराबाई भाडळे सुपातले खडे टिपत शांतपणे म्हणायच्या, "आमच्या मालकाचा आवाज हाय त्यो. त्येलाच जाऊन इचारा."

हिंदुराव भाडळे हे मथुराबाईंचे मालक, म्हणजे नवरा, आणि स्टँडावरचे वाहतूक नियंत्रक. एवढा मोठा शब्द तोंडात मावत नसल्यानं सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. कंट्रोलरचं काम काय, तर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते कर्ण्यावरून सांगायचं. महाराष्ट्रातले यच्चयावत कंट्रोलर ते नाकात बोलून सांगतात. हिंदुराव गाऊन सांगायचे.

गाऊन म्हणजे कुणाच्या तरी चालीवर नव्हे. हिंदुरावांना दुसऱ्याची चाल म्हणताच यायची नाही, हे त्यांचं लहानपणापासूनचं दुखणं. वाघोलीच्या भजनी मंडळात ते बारा वर्षांचे असताना बसले. पहिली ओळ सगळ्यांबरोबर म्हणायचे, दुसरी जरा पुढेमागे, आणि तिसऱ्या ओळीला ओळखीची वाट सोडून दुसऱ्याच्या उसात शिरलेल्या म्हशीगत कुठल्या कुठे जायचे. मृदंगवाला मागं मागं धावून दमायचा. शेवटी मंडळानं ठराव केला, की हिंदुरावाच्या हातात टाळ द्यावेत, पण तोंड मिटून बसायला सांगावं. असा ठराव होऊनही जो माणूस गायचा थांबत नाही, त्याला एकतर गवई म्हणतात नाहीतर वेडा. वाघोलीनं दुसरा शब्द निवडला, कारण पहिल्याला बिदागी द्यावी लागते.

पुढं ते एस.टी.त कंडक्टर लागले. पंधरा वर्षं घंटी वाजवता वाजवता त्यांच्या डोक्यात एक पक्कं बसलं, की प्रत्येक रस्त्याला स्वतःची चाल असते. मग बढती मिळून ते स्वारगेटला आले आणि सरकारनं आपण होऊन त्यांच्यापुढं माइक ठेवला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

साताऱ्याची चाल कात्रजला चढायची, मधे निवांत सपाटीला लागायची, खंबाटकीत पुन्हा धापा टाकायची आणि शेवटी वेण्णेच्या पुलावरून उतरल्यासारखी सुटायची. बारामतीची सरळ, कारण रस्ताच सरळ, पण मधेच एक आचका, तो उसाच्या बैलगाड्या आडव्या येतात त्याचा. कोल्हापूर इतकी लांब, की ती संपेपर्यंत गाडी सुटून गेल्याच्या दोन तक्रारी झाल्या. भोर आखूड, नाचरी, शेवटाला टिचकी मारल्यासारखी. ती ऐकली की भोरच्या आनंदीबाई करवंदांची रिकामी पाटी डोक्यावर घेऊन उठायच्या. त्यांना गाडीच्या पाटीवरची अक्षरं वाचता येत नव्हती. पूर्वी त्या दहा माणसांना विचारायच्या आणि त्यातली चार चुकीची गाडी दाखवायची. आता चालीवर उठायच्या, चालीवर बसायच्या. असे लोक स्टँडावर शेकड्यांनी होते.

स्थानकप्रमुख श्यामसुंदर लिमये यांची मात्र पंचाईत होती. लिमये शनिवार पेठेतले, गेली तीस वर्षं एकही मैफल न चुकवलेले. त्यांनी एकदा हिंदुरावांना बोलावून घेतलं.

"भाडळे, हे नियमात बसत नाही, ते मी सोडून देईन. सुरात बसत नाही, त्याचं काय करायचं?"

"साहेब, खंबाटकी तरी कुठं सुरात हाय?" हिंदुराव म्हणाले.

लिमयांनी समोरची फाइल उघडली. मग "जा," म्हणाले. पुण्यात याला परवानगी म्हणतात.

असं तीन वर्षं चाललं. चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मात्र हिंदुरावांच्या डोक्यातली गाडी सुसाट सुटली. झोप कमी झाली, मग जवळजवळ बंदच झाली, आणि तरी माणूस टवटवीत. दिवसाला सात-सात नव्या चाली. बोलणं इतकं भरभर, की मथुराबाईंना "हं" म्हणायलाही फट मिळेना. एक दिवस ते रविवार पेठेतून दोन डझन पितळी शिट्ट्या घेऊन आले आणि स्टँडावरच्या कंडक्टरांना वाटल्या. मी खूण केली की सगळ्यांनी एकदम फुंकायच्या, म्हणाले. कंडक्टर लोकांनी फुंकल्याही. फुकट मिळालेली शिट्टी कोण ठेवून देतो? त्या दुपारी एकाच वेळी नऊ गाड्या सुटल्या आणि स्टँडाच्या तोंडाशी अडकून बसल्या.

तिथवर सगळे हसत होते. गुरुवारी त्यांनी नसलेली गाडी गायली.

"स्वारगेट ते काशी, थेट गाडी, फलाट क्रमांक सत्तावीस." स्टँडावर सत्तावीस नावाचा फलाट नव्हता. पण काशीची ती चाल इतकी गोड होती म्हणतात, की हमालांनी डोक्यावरचे बोजे खाली ठेवले. दुपारी लिमये चक्कर मारायला निघाले तर गाड्या धुण्याच्या हौदाशेजारी अकरा म्हातारेकोतारे वळकट्या घेऊन बसलेले. त्यातले एक तर मधल्या वेळात भवानी पेठेत जाऊन सुनेला घराच्या किल्ल्या देऊन आले होते.

"आजोबा, इथे कशासाठी बसलात?"

"काशीची गाडी येतीय."

"कुणी सांगितलं?"

"वरून आवाज झाला," आजोबा हात जोडून म्हणाले.

यार्डात मथुराबाईंनी काशी ऐकली आणि त्यांच्या हातातलं सूप गळून पडलं. बाकीच्या बायका विचारत होत्या, अगं ही कशाची वेळ झाली? त्यांना काय सांगणार? त्या तशाच पदर खोचून स्वारगेटपर्यंत धावत गेल्या. खोलीला आतून कडी होती. काचेमागं हिंदुराव घामानं निथळत गात होते आणि एकामागून एक गाड्या सोडत होते, काशी, रामेश्वर, चंद्र. काच फोडावी म्हणून दोघं जण दगड घेऊन उभे होते. मथुराबाईंनी त्यांना मागं सारलं आणि दारावर हलकेच थाप मारली. "आवं, म्या हाय. उघडा." थोड्या वेळानं कडी निघाली. हिंदुरावांनी बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखे रडले, गाड्या लई झाल्यात मथुरे, मला थांबवता येईना म्हणून.

गावानं अंगात आलंय असं निदान केलं. थोरल्या भावानं देवऋषी आणला, त्यानं उजव्या दंडाला लिंबू बांधलं. लिंबू आठ दिवसांत वाळलं. हिंदुरावही वाळले. चढून गेलेली गाडी पलीकडं उतरते तसं झालं आणि ते भिंतीकडं तोंड करून जे निजले, ते दोन महिने. गाणं नाही, बोलणं नाही, भाकरीचा तुकडा हातात तसाच. शेवटी लिमये स्वतः घरी आले आणि एक पत्ता देऊन म्हणाले, "माझ्या मेहुण्याला यांच्याकडेच नेत होतो. तो आता बँकेत मॅनेजर आहे. आम्हाला त्याचा पूर्वीपेक्षा जास्त त्रास होतो, पण तो आजारामुळे नाही."

पत्ता डॉक्टर श्यामला आगाशे यांचा होता. डॉक्टरीणबाईंनी दोन तास ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, की हे भूत नाही, करणी नाही, मनाचा एक आजार आहे. त्यात मन कधी नको इतकं वर चढतं आणि कधी नको इतकं खाली उतरतं.

"खंबाटकी," हिंदुराव पहिल्यांदाच बोलले.

"खंबाटकीच. आणि ही लिथियमची गोळी म्हणजे ब्रेक. सकाळी एक, रात्री एक. महिन्याला रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं. एक कमी नाही, एक जास्त नाही. कदाचित जन्मभर."

गोळीनं काम केलं. सहा महिन्यांत माणूस माणसात आला. लिमयांनी त्यांना आधी चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि पुढच्या चैत्राच्या तोंडाला माइकवर परत घेतलं, पण दार लावून घेऊन स्पष्ट सांगितलं. "भाडळे, नुसतं बोलायचं. वरच्या साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलंय. पुन्हा गाणं झालं तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही."

हिंदुराव बोलू लागले. नाकात, सरकारी. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे." कुणीही लक्ष दिलं नाही. यार्डातल्या बायकांचा चहा चुकला आणि मुकादमाला तेवढाच काय तो आनंद झाला. आनंदीबाई पाटी उशाला घेऊन भोरची चाल कधी येते याची वाट बघत बसल्या, आणि तीन गाड्या त्यांच्या डोळ्यांदेखत सुटून गेल्या. त्या खोलीशी येऊन म्हणाल्या, "कंट्रोलर, तुमचा कर्णा मुका झालाय जणू."

आणि इथंच मथुराबाईंचं चुकलं. त्यांच्यावर रागावण्याआधी एवढं लक्षात घ्या, की त्या बाईनं नवऱ्याला दोन महिने भिंतीकडं तोंड करून निजलेला पाहिला होता, आणि त्याच्या आधी आठ दिवस गाताना पाहिला होता. तिच्या मनानं सरळ हिशेब केला. गाणं आलं की आजार येतो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चैत्रात एका संध्याकाळी हिंदुराव हातपाय धुताना मिटल्या तोंडानं गुणगुणले. साताराच होती, तीही अर्धीच, कात्रजपर्यंतची. मथुराबाईंनी ती ओळखली. त्या उठल्या. चुलीशी गेल्या, डब्यातली एक गोळी काढली, खलबत्त्यात बारीक केली आणि कालवणात ढवळली.

गुणगुण थांबली नाही. सबंध दिवस माइकसमोर तोंड आवळून बसलेला माणूस घरी तरी कसा थांबेल? मग जेवढ्या वेळा गुणगुण, तेवढ्या वेळा गोळी. जुनी चिठ्ठी दाखवून त्यांनी दुकानातून आणखी एक पाकीट आणलं. एक अडचण होती. गोळीनं कालवण चमत्कारिक, खारटसर लागायचं. "आज मीठ सांडलं का काय?" असं हिंदुरावांनी विचारलं, तेव्हा मथुराबाईंनी संसारी बाईच्या हुशारीनं त्यावर तोड काढली. कालवणात मीठ घालायचंच सोडून दिलं. मग भाकरीतलंही. ताकातलंही. चव जमली, आणि आपण नवऱ्याची नोकरी वाचवतोय या समाधानात त्यांना पंधरा दिवस बरी झोप लागली.

पंधराव्या दिवशी भर उन्हात, पत्र्याखाली, हिंदुरावांनी सातारा सांगायला तोंड उघडलं तर जीभ वळेना. शब्द एकमेकांवर चढले. उठायला गेले तर भिंत धरावी लागली, हात असा थरथरत होता की माइकच खाली पडला. बाहेर लोक म्हणाले, कंट्रोलर टाकून आलाय. ड्युटीवर दारू म्हणजे त्याच दिवशी घरी. पण लिमयांना ठाऊक होतं, की हा माणूस चहासुद्धा अर्धा कप घेतो. त्यांनी कुणाला काही न विचारता रिक्षा बोलावली आणि हिंदुरावांचं डोकं मांडीवर घेऊन दवाखाना गाठला. वाटेतल्या उलटीनं शर्ट खराब झाला त्यांचा. त्याबद्दल ते पुढं कधीही बोलले नाहीत.

रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर आगाशे मथुराबाईंसमोर उभ्या राहिल्या. "यांच्या अंगात जवळजवळ दुप्पट औषध आहे. कसं?"

मथुराबाईंनी सगळं सांगितलं. लपवाछपवी करायचं बळच उरलं नव्हतं. मिठाचंही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "मीठ कमी पडलं की ही गोळी शरीरात साचत जाते. म्हणजे तुम्ही एका हातानं औषध वाढवलंत आणि दुसऱ्या हातानं त्याची बाहेर जायची वाट बुजवलीत. बाई, सात वर्षं शिकूनसुद्धा मला इतकं पद्धतशीर जमलं नसतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणखी चार दिवस गेले असते तर माणूस गेला असता."

चार दिवस हिंदुरावांच्या हातात सलाइन होतं. मिठाचं पाणी बाटलीतून थेंब थेंब उतरत होतं आणि मथुराबाई त्याच्याकडं बघत स्टुलावर बसून होत्या. आपल्या हातानं आपण काय करून बसलो होतो, हे त्यांना प्रत्येक थेंबाला आठवत होतं. शुद्ध नीट आल्यावर त्यांनी नवऱ्यालाही सांगून टाकलं. तो ऐकून घेऊन कुशीवर वळला, भिंतीकडं. दोन दिवस बोलला नाही. मथुराबाईंना वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण ते आजाराचं गप्प बसणं नव्हतं, ते रागाचं होतं, आणि लग्नाला बावीस वर्षं होऊनही त्यांना दोन्हींतला फरक कळला नाही. तिसऱ्या दिवशी हिंदुराव पाठमोरेच म्हणाले,

"उंदराला भाकरीत घालत्यात तसं कालवनात घातलंस. मला इचारायचं तरी."

"तुमाला इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता."

"म्हनलो असतो. मग भांडायचं. बायको हायेस न्हवं?" ते वळले. "मला भेतीस का गान्याला?"

"गान्याला," मथुराबाई म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "तुमी कुठं संपता आन् आजार कुठं सुरू व्हतो, मला कळत न्हाई वो. तुमी गायला लागलात की मला वाटतं, आता गेलं माझं मानूस."

हिंदुराव उशीला टेकून उठून बसले. "मला तरी कुठं कळतंय," ते म्हणाले. "कळलं असतं तर काशीला गाडी कशाला सोडली असती?" आणि आपल्याच बोलण्यावर त्यांना हसू आलं. हसताना खोकला आला, म्हणून मथुराबाईंनी पाठ चोळली.

इकडं स्टँडावर वेगळंच चाललं होतं. कंट्रोलर आजारी आहे, तो आता गाणार नाही, हे कळल्यावर आनंदीबाईंनी तक्रारवही मागितली. तक्रारवही ही वस्तू स्टँडावर असते, पण मागणाऱ्याला ती कधी सापडत नाही. आनंदीबाईंना सापडली, कारण ती सापडेपर्यंत त्या खिडकीतून हलल्या नाहीत. एका कॉलेजच्या पोरीकडून त्यांनी लिहून घेतलं, "गाडीचे गाणे बंद झाल्यामुळे गाडी समजत नाही, तरी गाणे चालू करावे," आणि खाली अंगठा उठवला. त्याखाली आठवड्याभरात एकशे बेचाळीस अंगठे पडले. लिमयांनी ती वही वरच्या साहेबांपुढं ठेवली. साहेब म्हणाले, यांना तर लिहितासुद्धा येत नाही. लिमये म्हणाले, "तोच मुद्दा आहे."

शेवटी हिंदुराव कामावर हजर झाले त्या दिवशी लिमयांनी त्यांच्या हातात टंकलेला कागद ठेवला. स्वतःच्या हनुवटीवर त्यांनी चिकटपट्टी लावली होती. दाढी करताना आपल्या तोंडून बारामती निघाली आणि नेमका उसाच्या बैलगाड्यांपाशी हात हलला, हे त्यांनी पुढं फक्त बायकोला सांगितलं. कागदावर लिहिलं होतं:

"नियंत्रक श्री. हिं. ग. भाडळे यांनी, गाडी प्रत्यक्ष फलाटावर उभी असल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय गाऊ नये."

"वाचलंत?" लिमये म्हणाले. "गाडी असेल तर काय वाटेल ते गा. मी कानात बोळे घालीन. गाडी नसेल, तर गाणं नाही. आणि नसलेली गाडी दिसायला लागली, तर मला येऊन सांगायचं."

हिंदुरावांनी तो कागद घरी नेला. मथुराबाईंनी तो शेजारच्या पोरीकडून चार वेळा वाचून घेतला. डॉक्टरांनी वर्षभर समजावलं होतं त्यापेक्षा हे त्यांना जास्त कळलं. माणूस कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो, ते कुणालाच सांगता येत नसेल, पण गाडी फलाटावर आहे की नाही, हे तर कुणीही बघून सांगेल. त्या दिवसापासून कालवणात मीठ आलं, गोळीचा डबा हिंदुरावांच्या ताब्यात गेला, आणि घरात गुणगुण झाली की मथुराबाई चुलीपासूनच विचारायच्या, "कुठली वो?"

"फलटन."

"लागलीय का?"

"साडेपाचला लागती."

"मंग म्हना."

यार्डातल्या बायकांचा चहा वेळेवर होऊ लागला. हिंदुरावांचा हात मात्र कायमचा थोडा थरथरत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीनं होतं तसं. हिंदुरावांनी तो थरथराट सासवडच्या चालीत घातला, म्हणाले, दिवे घाटात तेवढा पाहिजेच होता.

सत्त्याऐंशीचा श्रावण होता. सकाळी हिंदुराव दाढी करायला बसले आणि गाऊ लागले. मथुराबाई भाकरी थापत होत्या. ही चाल त्यांनी कधी ऐकली नव्हती. हळू होती, वाटेत तीनदा थांबायची आणि थांबल्यावर कुणीतरी चढल्यासारखी थोडी जड व्हायची.

"कुठली वो ही?"

"स्वारगेट ते तांबेवाडी. थेट. सकाळी साडेनऊला."

मथुराबाईंचा हात परातीतच राहिला. तांबेवाडी त्यांचं माहेर. सासवडच्या पुढं डोंगरात दोन कोस पायी. बावीस-चोवीस वर्षांत त्या पाच-सहा वेळा गेल्या असतील, आणि आई गेली तेव्हा पोचल्या त्या दुसऱ्या दिवशी. हिंदुराव भरभर बोलत होते. खिडकीची जागा तुझीच ठेवलीय, गाडी ओढ्यापाशी थांबती, मग वडापाशी, मग थेट तुझ्या आईच्या दारात. त्यांचे डोळे लकाकत होते. गेले तीन दिवस त्यांना नीट झोप नव्हती, हे मथुराबाईंनी पाहिलं होतं आणि उकाडा असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता विचारायला हवं होतं. विचारू नये असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं, तेवढं त्या क्षणी वाटलं.

"आवं," त्या म्हणाल्या, "लागलीय का फलाटावर?"

हिंदुरावांनी तोंड उघडलं. मग मिटलं. अर्ध्या गालाला साबण तसाच. बाहेर दूधवाल्याची घंटा वाजून गेली, तरी ते आरशात बघत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई लागली. तिथं सडकच न्हाई, मथुरे." त्यांनी गाल पुसला, खुंटीवरचा सदरा काढला आणि बटणं लावू लागले. "चल. डॉक्टरीणबाई धाला येत्यात."

मथुराबाईंनी तवा उतरवला, चुलीतली लाकडं मागं ओढली, पिठाचे हात धुतले. नवऱ्याच्या हाताला धरून त्यांनी त्याला उंबऱ्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"जाऊ. पन आदी मला ती सगळी म्हनून दावा."

हिंदुरावांनी म्हटली. चांगली लांब होती, दिवे घाट धरून, ओढा धरून, वड धरून. मथुराबाई डोळे मिटून शेवटपर्यंत बसून राहिल्या. आईच्या दारात गाडी थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले, दाराला कुलूप घातलं, आणि दोघं डॉक्टरीणबाईंकडे निघाली.